संकेतस्थळांच्या वेगाचे निरीक्षण : हिंगोली जिल्ह्याच्या अनुषंगाने

संकेतस्थळांच्या वेगाचे निरीक्षण : एखादे संकेतस्थळ वाचकाच्या यंत्रावर किती अवधीत उमटते, उमटल्यावर त्याच्या स्पर्शाला किती तत्परतेने प्रतिसाद देते आणि त्याच्या डोळ्यांदेखत किती स्थिर राहते, या गोष्टींचे ठरावीक अंतराने, एकाच शिरस्त्याने व दीर्घ मुदतीपर्यंत मापन करून त्या मापांची तारीखवार नोंद ठेवण्याची पद्धती. एका दिवशी घेतलेल्या एका मापावरून संकेतस्थळाच्या प्रकृतीविषयी फारसे काही सांगता येत नाही. ते माप सोयीच्या वेळी, सोयीच्या जाळ्यावर व महागड्या यंत्रावर घेतले असेल तर ते दिशाभूलच करते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा विचार मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे. कारण ज्या मुलखातील वाचक स्वस्त मोबाइलवर, अधूनमधून रेंज जाणाऱ्या जाळ्यावर आणि बहुधा मुदतीच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ उघडतो, त्या मुलखातच या शास्त्राची खरी कसोटी लागते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली आणि तिच्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणारे होते. या जिल्ह्यातील कास्तकाराचा तहसील कचेरीशी असलेला बराचसा व्यवहार गेल्या काही वर्षांत पडद्यावर आला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८पासून मिळू लागला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली, उत्पन्न-रहिवासाचे दाखले लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये आपले सरकार सेवा केंद्रातून दिले जातात आणि खरिपाचा विमाअर्जही पडद्यावरच भरावा लागतो. तेव्हा संकेतस्थळाचा मंद वेग ही येथे केवळ गैरसोय राहत नाही. त्यापायी कास्तकाराची एका दिवसाची मजुरी, भाडेखर्च आणि प्रसंगी मुदतही हातची जाते.

२०२३च्या खरिपात महाराष्ट्र शासनाने एक रुपयात पीकविमा देऊ केला तेव्हा राज्यात पावणेदोन कोटींच्या घरात अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवसांत गावोगावच्या केंद्रांवर जे एक वाक्य सर्वतोमुखी होते ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’. या एका वाक्यात निदान चार निरनिराळी दुखणी एकत्र कोंबलेली असतात : सर्व्हर खरोखरच बंद पडलेला असतो, किंवा तो चालू असून त्याची माहितीपेढी गर्दीने तुंबलेली असते, किंवा सर्व्हर धडधाकट असून गावच्या मनोऱ्यावरचे मोबाइल जाळे भरून वाहत असते, किंवा या तिन्हींपैकी काहीही नसून पानच इतके जड असते की दोन वर्षांपूर्वी घेतलेला स्वस्त मोबाइल ते उलगडताना दमतो. कोणते दुखणे कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला व कोणत्या तालुक्यात होते याचा उलगडा निरीक्षणाची वही जवळ असल्यावाचून होत नाही, आणि उलगडा झाला नाही म्हणजे इलाजही अंदाजाने होतो.

पान उघडण्याची क्रिया वाचकाला एकसंध भासत असली तरी ती अनेक टप्प्यांची असते. सेनगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातून मोबाइलवर बोट ठेवले की प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो, मग सर्व्हरशी ओळख पटते, नंतर गुप्तलेखनाचा करार होतो आणि त्यानंतर कोठे पानाची मागणी रवाना होते. म्हणजे पहिले अक्षर हाती येण्यापूर्वीच तीन-चार हेलपाटे झालेले असतात. काचतंतूतून प्रकाश दर सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हिंगोलीहून मुंबईपर्यंतची तार ६०० किलोमीटरची धरली तरी जाण्यायेण्याला सेकंदाचे सहा सहस्रांश पुरतात. अर्थात ‘सर्व्हर मुंबईला आहे म्हणून उशीर होतो’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण फारसे टिकत नाही. उशीर होतो तो मुख्यतः मोबाइल व मनोरा यांच्यामधल्या अखेरच्या टप्प्यात, जेथे एका मनोऱ्याची ताकद शेकडो यंत्रांत वाटली जाते. आणि हेलपाटे जितके अधिक तितका तो उशीर गुणाकाराने वाढत जातो.

मराठी पानांना यात आणखी एक भार सोसावा लागतो, त्याची दखल इंग्रजी ग्रंथांत क्वचितच आढळते. देवनागरीत जोडाक्षरे, वेलांट्या व रफार यांच्या निरनिराळ्या आकृती लागत असल्यामुळे तिच्या फाँटची फाइल रोमन लिपीच्या फाँटपेक्षा बरीच जड असते. ती येईपर्यंत मोबाइल आपल्या पदरचा फाँट वापरून मजकूर दाखवतो आणि ती आली की सारा मजकूर नव्या मापाने पुन्हा बसवतो. त्या क्षणी ओळी खाली सरकतात, ‘अर्ज सादर करा’ या कळीवर टेकवायला निघालेले बोट भलत्याच ठिकाणी पडते आणि वाचकाला वाटते की चूक आपलीच झाली. पान रेंगाळते ते वेगळे आणि पान हलते ते वेगळे. दोहोंची मोजदाद स्वतंत्रपणे करावी लागते. बिंबांकन करून चढवलेल्या निविदा व भरतीच्या याद्या, पानाच्या माथ्यावर आपोआप सरकणारी मोठाली छायाचित्रे आणि आजवर कोणी काढून न टाकलेल्या जुन्या स्क्रिप्ट्स यांचे ओझेही कमी नसते.

मापनाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात एखादे यंत्र ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणाहून व ठरल्या वेगाच्या जाळ्यावरून पान उघडून पाहते. दुसऱ्यात प्रत्यक्ष वाचकाच्या ब्राउझरनेच नोंदलेले अवधी गोळा केले जातात. स्टीव्ह साउडर्स यांच्या २००७च्या ग्रंथाने वाचकाचा बहुतेक वेळ सर्व्हरपेक्षा पानाच्या मांडणीत जातो हे ठसवले. पॅट्रिक मीनन यांनी एओएल या कंपनीत तयार केलेले वेबपेजटेस्ट हे साधन २००८मध्ये सर्वांना खुले झाले, एचटीटीपी आर्काइव्हने २०१०पासून पानांच्या वजनाची नियमित नोंद ठेवायला आरंभ केला आणि २०१२मध्ये ब्राउझरच्या अंतर्गत घड्याळाला सर्वमान्य प्रमाण मिळाल्यामुळे दुसरा मार्ग सुकर झाला. गूगलने २०१७पासून क्रोम वापरणाऱ्यांचे असे अवधी एकत्रित स्वरूपात जाहीर करण्यास सुरुवात केली. पहिला मार्ग कारण शोधण्यास उपयोगी पडतो, दुसरा परिणाम दाखवतो. पुण्या-मुंबईच्या माहितीकेंद्रात ठेवलेले यंत्र सदैव हिरवा कौल देत असताना कळमनुरीच्या बाजारात पान फिरत राहते, हा विरोध दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

सध्या रूढ असलेली मानके गूगलने मे २०२०मध्ये मांडली. पानातील सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा. स्पर्शाला २०० सहस्रांश सेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा. आणि पानाच्या हालचालीचा निर्देशांक ०.१ पेक्षा अधिक नसावा. यांपैकी स्पर्शाचे मानक १२ मार्च २०२४पासून बदलले असून त्यापूर्वी केवळ पहिल्या स्पर्शाचा विलंब धरला जात असे. म्हणून त्या तारखेच्या अलीकडचे व पलीकडचे आकडे एकाच रकान्यात लिहू नयेत. तिन्ही मानके शंभरांतील पंचाहत्तर भेटींत पाळली जावीत अशी अट आहे.

ही पंचाहत्तरांची अट सरासरीऐवजी का घातली, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. वसमतच्या हळद बाजारातील दहा जणांनी भावाचे पान उघडले आणि त्यांना अनुक्रमे २.१, २.२, २.३, २.४, २.४, २.६, २.८, ३.१, ९.५ व १४ सेकंद लागले असे समजू. सरासरी ४.३४ सेकंद येते. दहांपैकी एकालाही ४.३४ सेकंदांचा अनुभव आलेला नाही : आठ जणांचे काम त्याहून बरेच लवकर झाले आहे आणि दोघांचे बहुधा झालेलेच नाही. मध्यक २.५ येतो, म्हणजे मानकाला बरोबर उतरतो, आणि ते दोघे त्यातही अदृश्य राहतात. पंचाहत्तरावे स्थान ३.१ सेकंदांवर असून ते निदान मानक हुकल्याची कबुली देते. प्रस्तुत लेखकाच्या मते हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तेवढ्यावरही समाधान मानू नये व नव्वदावे किंवा पंचाण्णवावे स्थान शेजारच्या रकान्यात लिहावे. कारण चौदा सेकंदवाला माणूस हा येथे अपवाद नसून त्याच्या गावातील साऱ्यांचा प्रतिनिधी असतो.

सरासरीचा फसवेपणा किती दूरवर जातो, याचे सुप्रसिद्ध उदाहरण यूट्यूबचे माजी अभियंते ख्रिस झकारियास यांनी २०१२मध्ये सांगितले आहे. त्यांनी चित्रफितीचे पान १.२ मेगाबाइटवरून ९८ किलोबाइटवर आणले आणि ते काही वाचकांपुढे ठेवले, तेव्हा सरासरी अवधी घटण्याऐवजी वाढलेलाच आढळला. ठिकाणवार फोड केल्यावर असे दिसून आले की, आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका व सैबेरिया येथील ज्या लोकांना पूर्वीचे पान वीस मिनिटांतही उघडत नसे, ते आता दोन मिनिटांत उघडू लागल्यामुळे प्रथमच यूट्यूबवर येऊ लागले होते आणि त्यांचे दोन-दोन मिनिटांचे अवधी सरासरीत मिसळले होते. ज्याच्यासाठी पान उघडलेच नाही त्याची नोंद वाचकांच्या वहीत होत नाही, हा या साऱ्या शास्त्रातील सर्वांत मोठा दोष आहे. म्हणून वाचकांच्या नोंदीला सर्व्हरवरील अपयशांची संख्या आणि अर्धवट सोडलेल्या अर्जांची संख्या यांची जोड द्यावीच लागते. तसेच आकडे वाईट झाल्याबरोबर कोणाचा दोष काढण्यापूर्वी नवे वाचक कोठून आले, याची चौकशी करावी.

ठिकाणवार फोडीची गरज महसूल खात्याला समजावून सांगावी लागू नये. जिल्ह्याचा सरासरी पाऊस समाधानकारक असला तरी एखादे महसूल मंडळ कोरडे राहू शकते, म्हणून पर्जन्यमापकाची नोंद मंडळवार ठेवली जाते आणि विम्यासाठीही मुख्य पिकांना मंडळ हाच घटक धरला जातो. वेगाच्या नोंदीतही तालुका, जाळे पुरवणारी कंपनी आणि यंत्राचा प्रकार हे तीन रकाने असल्यावाचून तिचा उपयोग मर्यादित राहतो.

तुलनेचा काळ कोणता धरावा, हा प्रश्नही स्थानिक आहे. परदेशी साधने या आठवड्याची तुलना मागील आठवड्याशी करून बाणाचे चिन्ह दाखवतात. पण जुलैच्या अखेरीस विम्याची गर्दी, महाशिवरात्रीला औंढ्याची यात्रा व परीक्षांच्या निकालांचे दिवस अशी येथील वर्दळ वार्षिक चक्राने फिरत असल्यामुळे ऑगस्टमध्ये दिसणारी सुधारणा बहुधा गर्दी ओसरल्याचीच असते. जुलैची तुलना मागील जुलैशी करणे इष्ट. गूगलच्या जाहीर संचात मागील २८ दिवसांचा एकत्रित हिशेब असतो, तेव्हा आज केलेल्या दुरुस्तीचा पुरता परिणाम दिसायला सुमारे महिना जातो. शिवाय अल्प वर्दळीची पाने त्या संचात येतच नाहीत. एखाद्या ग्रामपंचायतीच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या पानाला स्वतःचीच वही घालावी लागते.

योगायोगाने दीर्घ मापनाचे एक भव्य उदाहरण याच जिल्ह्यात उभे राहत आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसर गुरुत्वीय तरंगांच्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी निवडला गेला, तो जमिनीच्या कंपनांची मोजणी करून ती पुरेशी शांत आढळल्यावर. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये त्या प्रकल्पासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या त्या यंत्रापुढे संकेतस्थळाची मोजदाद क्षुल्लक खरी, तथापि गोंगाट कोणता व संकेत कोणता हे ओळखण्यासाठी आधी गोंगाटाची सवय जाणून घ्यावी लागते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

व्यवहारात लहान संस्थेला यासाठी फार खर्च येत नाही. लाइटहाउस व वेबपेजटेस्ट ही साधने मोफत वापरता येतात. दिवसातून काही ठरलेल्या वेळी, मंद जाळ्याची अट घालून, मुखपृष्ठ व अर्जाचे पान अशी दोन-तीनच पाने मोजली तरी चालते. मात्र आकड्यांच्या शेजारी कामाचा रोजनामा हवा : कोणत्या तारखेला नवे छायाचित्र चढवले, कोणत्या तारखेला फाँट बदलला, कोणत्या तारखेला सर्व्हर हलवला. रोजनाम्यावाचून आलेखातील चढ-उतार मुके राहतात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. एका खरिपाची पुढच्या खरिपाशी तुलना करण्यास ती मुदत अपुरी पडते. म्हणून दररोजच्या मापांचा सारांश वेगळा काढून किमान दोन वर्षे दप्तरी ठेवावा.