‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ : एका नियमाचे वय

इंग्रजीत ‘कमी’ या अर्थाचे दोन तरतमवाचक शब्द आहेत : ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’. माणसे ‘फ्यूअर’, दूध ‘लेस’. मोजावयाचे ते एकीकडे, मापावयाचे ते दुसरीकडे, हा भेद आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकलेला आहे. असा नियम भाषेइतकाच जुना असावा, असे सहज वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोएथियसच्या इंग्रजी भाषांतरात, शब्दांच्या संख्येविषयी ‘लेस’चेच जुने रूप आढळते. त्या काळी त्यापुढील नाम षष्ठीच्या अनेकवचनात येई. ‘शब्दांचे कमी’ अशी ती रचना. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले आणि ‘लेस’ सरळ अनेकवचनी नामास जोडला गेला. १७७० साली रॉबर्ट बेकर यांनी इंग्रजी भाषेवरील आपल्या पुस्तकात, संख्येविषयी ‘फ्यूअर’ अधिक शोभिवंत व अधिक यथार्थ वाटतो, असे लिहिले. ही त्यांची पसंती होती. पुढील व्याकरणांत तिचा नियम झाला, आणि तो इतका रुजला की २००८ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसमूहाने टीकेमुळे आपल्या फलकांवरील ‘लेस’ वगळून ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशा अर्थाची शब्दयोजना केली.

गंमत अशी की, ‘अधिक’ या अर्थीही इंग्रजीत एके काळी असाच भेद होता. संख्येसाठी ‘मो’, परिमाणासाठी ‘मोअर’. ‘मो’ लोपला, ‘मोअर’ने दोन्ही कामे पत्करली, त्याबद्दल आज कोणी हळहळत नाही.

आपल्या मराठीत फारसीतून आलेला ‘कमी’ दुधालाही चालतो आणि माणसांनाही. त्याहून जुना संस्कृत ‘ऊन’ तर आपल्या अंकांतच मुरला आहे. विसास एक उणा तो एकोणीस. पाव उणे ते पाऊण. एकोणीस माणसे मोजावयाची, पाऊण शेर दूध मापावयाचे. दोन्हीकडे शब्द एकच, आणि घोटाळा कधी झाला नाही.

इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या घरांना हा इतिहास विशेष जवळचा वाटावा. आपल्या बोलण्यातील एखादा प्रयोग पुण्याच्या छापील मराठीशी जुळला नाही की तो ‘अशुद्ध’ ठरतो, आणि मुले आजीचा शब्द उच्चारण्यास लाजू लागतात. छापील लेखनास नियम हवेतच. ते पाळावेत, मुलांना शिकवावेत. परंतु कोणताही प्रयोग चुकीचा ठरविण्यापूर्वी त्याला मोडणाऱ्या नियमाचे वय विचारावे. कित्येकदा प्रयोगच वयाने वडील निघतो. आणि वडिलांना घराबाहेर काढण्याची रीत आपल्याकडे नाही.