तळटीप : प्रॉक्सी सर्व्हर आणि निनावीपण
* प्रॉक्सी सर्व्हरमुळे निनावीपण लाभते, हे लेखकाचे विधान अर्धसत्य आहे. प्रॉक्सी सर्व्हर हा वस्तुतः मुखत्यार होय. तो आपल्या अशिलाची मागणी स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवितो, त्यामुळे पलीकडील संकेतस्थळास मूळ पत्ता दिसत नसला, तरी खुद्द मुखत्याराच्या दफ्तरी तो नोंदला जाऊ शकतो, आणि ते दफ्तर ज्या राज्यात असेल तेथील न्यायासनाचा हुकूम त्यास बंधनकारक असतो. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ साली सुरू केलेली निनावी ई-टपालाची सेवा याच रीतीची : प्रेषकाचे नाव काढून पत्र पुढे रवाना करावयाचे, परंतु उत्तर परत पोचविता यावे म्हणून टोपणनावे व खरे पत्ते यांची यादी मात्र स्वतःजवळ जपावयाची. ही यादीच अखेर घातक ठरली. १९९५ साली सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले, तेव्हा सबंध यादी जप्त होऊ नये म्हणून त्यांना एका ग्राहकाचा पत्ता उघड करावा लागला (सद्‌हेतूची त्यांच्याकडे वाण नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे). पुढल्याच वर्षी त्यांनी सेवा बंद केली. शिवाय ब्राउझरमधील कुकी आणि स्वतःच्याच नावाने केलेले लॉग-इन यांपुढे प्रॉक्सीची मात्रा चालत नाही, ही बाब लेखकाने मुळीच विचारात घेतलेली नाही. — संपादक