लोखंडाच्या मुलखात ॲल्युमिनियमचे इंजिन : हेमलकसा परिसराच्या संदर्भात आट्यांच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

यंत्रयुगाचा इतिहास सामान्यतः शोध, कारखाने आणि उत्पादन यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर ते कोणी चालू ठेवले, कोणत्या साधनांनी चालू ठेवले आणि ते बंद पडल्यावर समाजाला कोणती किंमत मोजावी लागली, या प्रश्नांकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. शहरात या प्रश्नांची तीव्रता जाणवत नाही. कारण तेथे एक वाहन बंद पडले तर दुसरे मिळते. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात, विशेषतः भामरागड तालुक्यातील हेमलकसा परिसरात, वाहन चालू असणे हा दीर्घकाळ रुग्णाच्या जिवाशी जोडलेला प्रश्न राहिला आहे.

प्रस्तुत लेखात इंजिनाच्या एका अगदी लहान भागाचा, म्हणजे हेड बोल्टच्या आट्यांचा विचार केला आहे. इंजिन अति तापल्यावर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधील आटे निसटतात आणि संपूर्ण वाहन निकामी होते. हा दोष का उद्भवतो, त्यावरील उपाय कसे विकसित झाले आणि दुर्गम प्रदेशाच्या इतिहासात या कौशल्याचे स्थान काय, या तीन मुद्द्यांची मांडणी येथे केली आहे.

प्रदेशाची पार्श्वभूमी

तत्कालीन चांदा जिल्ह्याचा लोखंडाशी संबंध जुना आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा या जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या शक्यतांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहारा येथील खनिजाचे वर्णन वाचून जमशेटजी टाटा यांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना रुजली. मात्र वरोऱ्याचा कोळसा या कामास योग्य ठरला नाही. पुढे १९०४ च्या सुमारास सी. एम. वेल्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने टाटांच्या वतीने याच जिल्ह्यात शोध घेतला. परंतु पुरेसा साठा न आढळल्याने शोधाची दिशा प्रथम दुर्गकडे आणि नंतर मयूरभंजकडे वळली. पोलादाचा कारखाना अखेर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात उभा राहिला. ज्या भूमीच्या लोखंडावरून भारतीय पोलाद उद्योगाचे स्वप्न पाहिले गेले, ती भूमी यंत्रांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ परावलंबी राहिली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच, २३ डिसेंबर १९७३ रोजी, बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे माडिया गोंड समाजासाठी लोक बिरादरी प्रकल्पाची स्थापना केली होती. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला; १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. २००८ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या वैद्यकीय व शैक्षणिक कार्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्या कार्याची भौतिक चौकट, म्हणजे रस्ता, पूल, वीज आणि वाहन, यांचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो.

ही चौकट अत्यंत नाजूक होती. प्रारंभीची अनेक वर्षे हेमलकशात वीज नव्हती. आलापल्लीपासून सुमारे साठ किलोमीटरचा मार्ग दाट जंगलातून आणि अनेक ओढ्यानाल्यांतून जात असे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेवरील जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन परिसराचा संपर्क वारंवार तुटत असे. रुग्णाला खाटेवर घालून, पायी, कित्येक मैल आणले जाई. अशा ठिकाणी एखादे वाहन नादुरुस्त होणे याचा अर्थ सुट्या भागासाठी नागपूर-चंद्रपूरकडे तोंड करून बसणे आणि दरम्यान पाऊस सुरू झाला तर पुढील कित्येक दिवस गमावणे, असा होता.

बिडाकडून ॲल्युमिनियमकडे

स्वातंत्र्योत्तर काळात भारताच्या वनप्रदेशात प्रथम पोहोचलेले प्रमुख वाहन म्हणजे जीप. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. या जीपच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा होता. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने १९४६ पासून केलेली डिझेल इंजिनेही प्रामुख्याने बिडाच्या ओतकामावरच आधारलेली होती. बीड जड असते, पण सोशिक असते. त्यातील आटे पोलादी बोल्टचा ताण दीर्घकाळ सहन करतात आणि गावातील मेस्त्री साध्या टॅपने ते पुन्हा साफ करू शकतो.

ॲल्युमिनियमचा इंजिनातील वापर मात्र वजन कमी करण्याच्या गरजेतून आला. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत-विघटनाची रीत शोधल्यावर हा धातू स्वस्त झाला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर या यांत्रिकाने घडविले. त्याचे मुख्य ओतीव अंग ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूचे होते. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत बेअरिंग अडकून हे ओतकाम तुटले आणि नवे मागवावे लागले. ॲल्युमिनियमच्या इंजिनाच्या इतिहासात दुरुस्तीचा प्रश्न असा पहिल्या पानापासूनच उपस्थित आहे.

महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाच्या हाती ॲल्युमिनियमचे इंजिन प्रथम आले ते स्कूटरच्या रूपाने. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकचा क्रँककेस व हेड ॲल्युमिनियमचे, तर सिलिंडर बिडाचा होता. हेड व सिलिंडर आवळून धरणारे पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये बसविलेले असत. हे इंजिन पंख्याच्या हवेने थंड होत असे. हवेचा मार्ग चिखलाने किंवा काडीकचऱ्याने अडला, की ते तापे. चारचाकीच्या बाबतीत मारुती जिप्सी हे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९८५ मध्ये आलेली ही गाडी पोलीस, सैन्य आणि वनखात्यात सर्वदूर वापरली गेली. १९९६ मधील जिप्सी किंगला १.३ लिटरचे ॲल्युमिनियम ब्लॉकचे इंजिन मिळाले. बिडाच्या जीपवर हात बसलेल्या मेस्त्रीसमोर अशा रीतीने एक नवा, हलका आणि अधिक संवेदनशील धातू येऊन उभा राहिला.

आटे का निसटतात

या दोषाचे मूळ दोन धातूंच्या स्वभावभेदात आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले असता ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांशी सुमारे २३ भाग प्रसरण पावते. पोलाद साधारणपणे ११ ते १२ भाग. शंभर मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे हेड शंभर अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचा पोलादी बोल्ट मात्र ०.१२ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. उरलेल्या फरकाचा ताण बोल्टवर आणि बोल्टमार्फत ब्लॉकमधील आट्यांवर पडतो.

नेहमीच्या तापमानात हा ताण गृहीत धरलेला असतो. रेडिएटर गळाला, थर्मोस्टॅट अडकला किंवा पंखा बंद पडला आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापले, की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एकीकडे ताण वाढतो. दुसरीकडे, उष्णतासंस्काराने कठीण केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू त्याच उष्णतेने मऊ पडू लागतो. आट्यांवरील भार समान वाटलेला नसतो; पहिल्या काही आट्यांवर तो सर्वाधिक असतो. ते दबतात, मग पुढचे दबतात. इंजिन थंड झाल्यावर बोल्टची पकड ढिली होते, गॅस्केट गळू लागते. अशा वेळी बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो आणि त्या प्रयत्नातच आटे पूर्णपणे निघून येतात. मेस्त्रींच्या बोलीत यालाच ‘आटे गेले’ असे म्हणतात. दोष शेवटच्या आवळण्यात दिसत असला, तरी तो घडलेला असतो त्याआधी, इंजिन तापले तेव्हा.

प्रमाणीकरणाचा इतिहास

आटे दुरुस्त करायचे तर त्यांचे माप ठाऊक असावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांचे प्रमाण मांडले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचे प्रमाण सुचविले. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी एकत्रित प्रमाण स्वीकारले. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती आली. परिणामी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भारतीय मेस्त्रीला एकाच पेटीत तीन परंपरांची साधने बाळगावी लागली : जुन्या ब्रिटिश यंत्रांची, अमेरिकन जीपची आणि मिलिमीटरमधील नव्या वाहनांची. इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणण्याची रीत कारागिरांत दशमान पद्धतीनंतरही टिकली. इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या भोकात जबरदस्तीने फिरविल्यास बीड एखादेवेळी तो सहन करते. ॲल्युमिनियम करत नाही. म्हणून ज्या प्रदेशात योग्य बोल्ट सहज मिळत नाही, तेथे हा दोष अधिक संभवतो.

दुरुस्तीच्या रीती

सर्वांत जुनी रीत म्हणजे भोक मोठे करून त्यात जाड बोल्ट किंवा स्टड बसविणे. स्कूटरच्या क्रँककेससाठी खालचे टोक जाड व वरचे मूळ मापाचे असा पायरीचा स्टड लेथवर करून घेतला जाई. ही रीत स्वस्त आहे. परंतु जाड बोल्ट हेडच्या मूळ भोकातून जात नाही आणि ब्लॉकची भिंत पातळ होते.

दुसरी रीत तारेच्या वेटोळ्याची. ही कल्पना १९३० च्या दशकातील असून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांत तिचा प्रसार झाला. चौकटाकृती छेदाच्या स्टेनलेस पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी मोठ्या केलेल्या भोकात बसवितात. तिच्या आतल्या बाजूस मूळ मापाचेच आटे तयार होतात. दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साडेदहा मिलिमीटरच्या आसपास पाडून त्यात खास टॅप मारावा लागतो. वेटोळ्याचा बाहेरचा व्यास मूळ बोल्टपेक्षा मोठा असल्याने भार ॲल्युमिनियमच्या अधिक क्षेत्रावर वाटला जातो. त्यामुळे नीट केलेली दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरू शकते. तिसरी रीत म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली भरीव पोलादी बुश बसविणे. वेल्डिंगने भोक भरून पुन्हा आटे पाडणे ही चौथी रीत. पण तिला आर्गॉन वायू व कुशल वेल्डर लागतो आणि उष्णतेने ब्लॉक वाकण्याचा धोका असतो. वीजच नसलेल्या ठिकाणी ती विचाराबाहेरच राहते.

या सर्व रीतींत खरी कसोटी भोकाच्या सरळपणाची असते. लोखंडावर चुंबकी पायाचे ड्रिल चिकटून उभे राहते. ॲल्युमिनियमवर ते चिकटत नाही. म्हणून जाड पट्टीत सरळ भोक पाडून ती ब्लॉकवर आवळतात आणि तिच्या आधाराने ड्रिल खाली नेतात. टॅप मारताना रॉकेल वापरतात, थोडे फिरवून मागे घेतात आणि कीस साफ करतात. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली बसवावे लागते. हेड वाकले आहे का, हे सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावे लागते. शेवटी बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतात. एका भोकाचे आटे गेले असतील, तर शेजारच्या भोकांनीही तीच उष्णता सोसलेली असते. म्हणून जाणता मेस्त्री सर्वच भोके तपासतो. आणि इंजिन मुळात का तापले, याचा शोध घेतल्याशिवाय तो काम संपले असे मानत नाही.

कौशल्याचे ऐतिहासिक स्थान

येथे एक विरोधाभास लक्षात घेणे आवश्यक आहे. विमानाच्या इंजिनासाठी विकसित झालेली ही रीत हाताच्या साधनांनी, विजेविना करता येते; तिला लागते ती मोजकी सामग्री आणि धीर. त्यामुळे सैद्धांतिकदृष्ट्या ती दुर्गम प्रदेशाला सर्वांत उपयुक्त आहे. परंतु नेमके माप असलेला टॅप व वेटोळी शहराच्या बाजारातच मिळतात. म्हणजे अंतराचा प्रश्न सुटत नाही. तो संपूर्ण ब्लॉकऐवजी खिशात मावणाऱ्या वस्तूपुरता लहान होतो. पावसाळ्यापूर्वी ती वस्तू जवळ असणे आणि ती वापरणारा हात गावात असणे, एवढ्यावर वाहनाचे भवितव्य ठरते.

पुढील काळात उत्पादनाची दिशा दुरुस्तीपेक्षा बदलीकडे वळली. संपूर्ण ॲल्युमिनियमची इंजिने सामान्य मोटारींतही रूढ झाली. २००८ पासूनची मारुतीची के-मालिका हे त्याचे उदाहरण. खराब झालेला ब्लॉक बदलून टाकणे शहरातील कार्यशाळेला सोयीचे असते. तोच निर्णय वनप्रदेशात घेतला गेला, तर खर्च व प्रतीक्षा दोन्ही वाढतात. तंत्रज्ञान एकच असले, तरी त्याचा अर्थ ठिकाणानुसार बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी समोर येतात. पहिली, आटे निसटणे हा वरकरणी मेस्त्रीच्या हाताचा दोष वाटला, तरी त्याचे मूळ धातूंच्या असमान प्रसरणात आणि इंजिनाच्या दुर्लक्षित देखभालीत असते. दुसरी, बिडाकडून ॲल्युमिनियमकडे झालेल्या स्थित्यंतराने ग्रामीण कारागिराकडून अधिक अचूकतेची अपेक्षा केली. ती पूर्ण करण्याची साधने मात्र त्याच्यापर्यंत त्या वेगाने पोहोचली नाहीत. तिसरी, हेमलकशासारख्या ठिकाणच्या सामाजिक कार्याचा इतिहास पूर्ण व्हायचा असेल, तर डॉक्टर व शिक्षक यांच्याबरोबर चालक आणि मेस्त्री यांचीही नोंद त्यात झाली पाहिजे.

हे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे. ते हातातून हातात जाते आणि हात थांबले की संपते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालयांनी आलापल्ली, अहेरी, भामरागड येथील जुन्या मेस्त्रींच्या मुलाखती आताच नोंदवून ठेवल्या, तर इतिहास आणि यंत्रशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एक मौलिक साधन उपलब्ध होईल. पर्लकोटेच्या पुराची नोंद सरकारी दप्तरात सापडते. त्या पुरापूर्वी वाहन पैलतीरावर सुखरूप नेणाऱ्या हातांची नोंद तेथे मिळत नाही. ती करणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम होय.