बरा होईपर्यंत

लालबागला लागूनच असलेल्या परळच्या सुपारीबागेत सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरली होती. सभेमागे होते नारायण मेघाजी लोखंडे, तेव्हा वय ३६. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती आणि आता ते 'दीनबंधू' हे पत्र चालवत होते. सभेत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या आणि तो सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे गेला.

मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी: कामावर जखमी झालेल्याला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी मी नीट वाचली ती पायाखाली दोन उशा घेऊन. गेल्या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची डोंगरी शर्यत पळालो आणि पुढचे तीन दिवस चाळीतल्या खोलीत पडून होतो. चढाने दम काढला, पण पायांची वाट लावली ती उताराने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोर लावून शरीराला अडवत असतो. हजारो पावलं असं झालं की स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते. म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे हे होतं असं जिममध्ये सांगतात, पण ते शर्यतीनंतर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुरुस्ती होते ती फक्त विश्रांतीत, झोपेत.

तिसऱ्या मजल्यावरून मी कठडा धरून उलटा जिना उतरत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पैसे भरून पाय मोडून घेतलेस होय रे?"

हातातलं घड्याळ ७२ तास रिकव्हरी दाखवत होतं. ऑफिसला एक मेसेज टाकला, दोन दिवसांची सिक लीव्ह मंजूर झाली. पगारातून एक रुपया कापला गेला नाही.

१८८४ मध्ये हे कसं होतं? १८८१ चा फॅक्टरी कायदा होता, पण कामाचे तास आणि सुट्ट्या त्याने ठरवल्या त्या फक्त मुलांच्या. मोठ्या माणसांसाठी उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले, म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठं. रविवारी बोलावणं यायचं ते यंत्रं साफ करायला. पळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की ताणानंतर विश्रांती मिळाली तर ताकद वाढते, आणि ताणावर ताण आला तर दुखापत होते. साच्यावर उभ्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याला हवी होती ती सुट्टी, आणि ती मालकाची मेहेरबानी म्हणून नाही, तर हक्काने.

अर्जाने लगेच काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात ती आली. आज आपली लाँग रन रविवारी असते, मुंबई मॅरेथॉन रविवारी असते. आपण पळतो तो मोकळा दिवस असा मिळालेला आहे.

पाचव्या मागणीला जास्त वेळ लागला. कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला, म्हणजे अर्जानंतर ३९ वर्षांनी, आणि त्यातही पूर्ण पगार नव्हता. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. लोखंडे तोवर कधीच गेले होते, १८९७ मध्ये, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना.

माझ्या तिसऱ्या दिवशी जेवण घेऊन एक मुलगा तीन मजले चढून आला. घोट्याला क्रेप बँडेज होतं. बाईक घसरली होती, चार दिवसांपूर्वी.

"सुट्टी नाही घेतलीस?"

"आयडी बंद ठेवला की इन्सेंटिव्ह जातो, दादा." मग माझ्या लंगडण्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला काय झालं?"

मी सांगितलं. त्याला हसू आलं. "मग आराम करा," म्हणाला आणि एकेक पायरी जपत खाली गेला.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, त्यांच्यासाठी योजना करण्याची तरतूदही आली. बरा होईपर्यंत पूर्ण पगार, हे मात्र त्यात नाही. १८८४ ची यादी पुन्हा काढून बघितली तर माझ्यापुरत्या पाचही मागण्या पूर्ण झाल्या आहेत. त्यांतली एकही मला मागावी लागली नाही. त्या मुलाचा अर्ज अजून कमिशनकडेच पडून आहे.