माणदेशातील तरवड

पावसाळा सरताना माण तालुक्यातील माळांवरचे कुसळी गवत वाळू लागते. दहिवडी-म्हसवड परिसरात त्या वेळी पिवळ्याधमक फुलांनी भरलेले कंबरभर उंचीचे झुडूप दिसते, ते बहुधा तरवड. संस्कृतमधील आवर्तकी ती हीच.

शहरी पाहुणे पिवळे फूल दिसताच त्याला टाकळा म्हणून मोकळे होतात. टाकळा ही पावसाळी, वर्षभरात संपणारी वनस्पती. तिच्या पानात पर्णिकांच्या साधारणतः तीनच जोड्या असतात आणि शेंग लांब, बारीक, वाकडी असते. तरवड बहुवर्षायू, काष्ठमय. त्याच्या पानात आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक उभी बारीक ग्रंथी दिसते. शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि तपकिरी.

तरीही शंका उरली, तर पानाचा देठ फांदीला जिथे जुळतो तिथे पाहावे. तेथे कानाच्या पाळीसारखी दोन रुंद, हिरवी उपपर्णे असतात. ती गळून पडत नाहीत, त्यामुळे फुले नसतानाही ओळख पटते. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ या नावातील ‘कान’ हाच. आज शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा असे आहे. कान मात्र कायम राहिला.

सालीत टॅनिन भरपूर असल्याने कातडी कमावण्यासाठी तिला पूर्वी मोठी मागणी होती. तेलंगणात हे राज्यपुष्प असून बतुकम्माच्या फुलांच्या रचनेत त्याला मानाचे स्थान आहे. आपल्याकडे त्याचे एवढे कौतुक नाही.

शेळ्या-मेंढ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून गवत संपून नुसता तरवडच माजला असेल, तर तो माळ अतिचराईने थकला आहे असे समजावे. गवतासोबत तरवड, बोर, हेकळ अशी झुडपे विखुरलेली असतील तर मात्र तो जिवंत गवताळ प्रदेश होय. लांडगा, खोकड यांचा वावर अशाच ठिकाणी असतो. सरकारी कागदांवर अशा जमिनींची नोंद वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हणून होत आली आणि ‘हिरवाई’च्या नावाखाली त्यांवर ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे लावली गेली. वृक्षारोपणाचे खड्डे खणण्यापूर्वी तेथे आधीपासून काय उगवले आहे, हे कोणी पाहत नाही.