भरली शिमला मिरची अर्थात डोलमा : तांदळाचं माप, मंद आच आणि उरलेल्याची काळजी

शिमला मिरची आपल्या स्वयंपाकघरात नवी नाही. मराठी पुस्तकांत ती ढोबळी मिरची असते आणि घरात उर्दू बोलताना शिमला मिर्च होते. बेसन पेरून, खिम्यात परतून किंवा दाण्याचा मसाला भरून ती घरोघर केली जाते. पण कच्चा तांदूळ आणि कच्चा खिमा एकत्र भरून, पातेल्यात उभी रचून शिजवायची पद्धत आपल्याकडे कमी दिसते. तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया या भागांत मात्र हे रोजच्या घरगुती जेवणातलं पक्वान्न आहे.

ओव्हन लागत नाही, महागडं सामानही लागत नाही आणि पाव किलो खिम्यात चार माणसांचं जेवण होतं. म्हणून सविस्तर माहिती देत आहोत. उरलेलं इफ्तारपासून सहरीपर्यंत कसं ठेवायचं, हेही शेवटी सांगितलं आहे. तो भाग वगळू नका.

नाव कुठून आलं?

'डोलमा' हा तुर्की शब्द 'भरणे' या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. त्याच धातूवरून तिथल्या शेअर टॅक्सीला 'डोलमुश' म्हणतात, म्हणजे 'भरलेली'. आपल्याकडच्या शेअर रिक्षासारखीच तीही सीटा भरल्या की निघते. पान गुंडाळून केलेल्या प्रकाराला 'सारमा' म्हणतात. अरबीत भरलेल्या भाज्यांना 'महशी' हा शब्द आहे.

मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकापूर्वी या भागांत ते माहीतच नव्हते. म्हणजे भाज्या आणि पानं भरायची पद्धत जुनी आणि त्यात मिरची मागाहून आलेली. इराणमध्ये या सारणात तांदळाबरोबर पिवळी डाळ आणि भरपूर हिरवा पाला घालतात, वरून आंबटगोड रस्सा असतो. अझरबैजानमधल्या डोलमा करण्याच्या आणि वाटून खाण्याच्या परंपरेची 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. भारतातही हे नाव पोहोचलं आहे. कोलकात्यात परवल भरून करतात तो 'पटोलेर दोलमा', आणि तो तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांमुळे आला असं मानलं जातं.

तांदूळ कोणता घ्यायचा?

दाणे मोकळे राहावेत म्हणून बिर्याणीला बासमती घेतो. इथे उलट हवं. दाण्याने खिम्याचा रस शोषून थोडं एकमेकांना धरलं पाहिजे, नाहीतर मिरची कापताच सारण ताटभर सांडतं. कोलम चांगला. आंबेमोहर किंवा इंद्रायणी घेतला तर सारण अजून मऊ होतं. कोकणातला उकडा तांदूळ मात्र घेऊ नका. तो शिजायला वेळ घेतो, तोपर्यंत मिरचीचा लगदा होतो.

साहित्य (चार माणसांसाठी)

- मध्यम आकाराच्या, बुडाशी सपाट शिमला मिरच्या : 8
- तांदूळ : 150 ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटी
- खिमा : 250 ग्रॅम (मटणाचा किंवा चिकनचा)
- कांदे : 2, अगदी बारीक चिरलेले
- टोमॅटो : 3 (एक सारणात किसून, एकाच्या चकत्या झाकणासाठी, एक रश्शासाठी किसून)
- कोथिंबीर आणि पुदिना : मिळून एक वाटी, चिरून
- आलं-लसूण वाटण : 1 लहान चमचा
- मिरपूड : 1 लहान चमचा, दालचिनीची पूड : पाव चमचा
- लाल तिखट : आवडीप्रमाणे
- तेल : 3 मोठे चमचे
- मीठ : सारणात दीड लहान चमचा, रश्शात अर्धा

मोठ्याचा खिमा असेल तर तो आधी कुकरला थोड्या पाण्यात शिजवून, पाणी आटवून घ्या. कच्चा भरला तर मिरची शिजेपर्यंत तो शिजेलच याची खात्री नसते.

कृती

1. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवा आणि चाळणीत निथळत ठेवा.

2. मिरच्यांचा देठाकडचा भाग गोल कापा. आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा बोटाने काढा. मिरची उभी राहत नसेल तर बुडाचा उंचवटा किंचित तासा, पण भोक पडू देऊ नका.

3. तेलात कांदा मऊ होईपर्यंत परता. लाल करू नका, लाल कांद्याची चव सगळ्यावर चढते. आलं-लसूण घालून एक मिनिट परता आणि गॅस बंद करा.

4. हे गार झालं की त्यात तांदूळ, खिमा, एक किसलेला टोमॅटो, हिरवा पाला, मसाले आणि मीठ घालून हाताने कालवा. मळायचं नाही, मळलं की सारण घट्ट गोळा होतं.

5. मिरच्या पाऊणच भरा आणि सारण दाबू नका. तांदूळ शिजला की साधारण तिप्पट होतो. काठोकाठ भरलेली मिरची फुटते, आणि दाबून भरलेल्या मिरचीत मधला तांदूळ कच्चा राहतो.

6. प्रत्येक मिरचीवर टोमॅटोची चकती ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात मिरच्या एकमेकींना टेकून उभ्या रचा. पातेलं इतकंच मोठं घ्या की त्या कलंडणार नाहीत. जागा उरली तर बटाट्याच्या फोडी खोचा.

7. दोन वाट्या उकळत्या पाण्यात उरलेला किसलेला टोमॅटो आणि मीठ घालून ते पातेल्यात ओता. पाणी मिरच्यांच्या निम्म्यापर्यंत यावं. प्रत्येक मिरचीत वरूनही एक मोठा चमचा रस्सा सोडा.

8. मिरच्यांवर एक ताटली उपडी ठेवा आणि पातेल्यावर झाकण लावा. एक उकळी आली की आच अगदी मंद करून 40 ते 45 मिनिटं शिजवा. मधे सारखं झाकण उघडू नका, वरचा तांदूळ वाफेवरच शिजतो.

9. एका मिरचीच्या अगदी मधला दाणा खाऊन पाहा. तो मऊ हवा आणि खिम्यात कुठेही गुलाबी रंग दिसायला नको. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकूनच ठेवा.

कुकरमध्ये करू नका. शिट्टीच्या दाबाने मिरची कोसळते.

वाढताना पातेल्यातला रस्सा वर घाला आणि सोबत लसूण, मीठ घालून फेटलेलं दही द्या. तुर्कस्तानातही खिम्याचा डोलमा गरम आणि दह्याबरोबरच खातात. घरात कुणाला शुगर असेल तर हिशोब सोपा आहे. एका मिरचीत जेमतेम 19 ग्रॅम कोरडे तांदूळ जातात. दोन मिरच्या वाढल्या तर किती भात खाल्ला हे मोजता येतं, बिर्याणीच्या थाळीत ते जमत नाही.

खिम्याशिवाय

तुर्कीत बिनमांसाच्या डोलम्याला 'यालांजी' म्हणजे 'खोटारडा' म्हणतात. त्यात तांदूळ, भरपूर कांदा, बेदाणे, चिलगोजे आणि दालचिनी असते. आपल्याकडे चिलगोजे महाग पडतात, चारोळी चालते. यासाठी तांदूळ 250 ग्रॅम घ्या, परतलेल्या कांद्यात एक वाटी गरम पाणी घालून ते आटेपर्यंत अर्धवट शिजवा आणि मग भरा. हा प्रकार गार खातात, म्हणून तो तेलातच करा. तूप गोठून तोंडात चिकटतं.

काही बिघडलं तर

- तांदूळ कडक राहिला : अर्धी वाटी उकळतं पाणी घालून, झाकून आणखी दहा मिनिटं ठेवा.
- मिरची फुटली : सारण जास्त झालं किंवा आच मोठी होती.
- चव कडवट लागते : हिरवी मिरची ही कच्ची मिरची असते. तीच पिकली की लाल होते आणि गोड लागते. मुलांसाठी लाल किंवा पिवळी घ्या.

सहरीसाठी ठेवताना

रमजानमध्ये इफ्तारचं उरलेलं पातेल्यातच झाकून ओट्यावर राहतं आणि सहरीला गरम करून खाल्लं जातं. मधे आठ-नऊ तास गेलेले असतात. भाताच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास गार-कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. यातलं उलटी घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भाताला वास आला नाही म्हणजे तो चांगला आहे, असं समजू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दुसऱ्या दिवशी रोजा असणाऱ्यांना रात्रीच्या उलट्या-जुलाबांचा त्रास जास्त होतो, कारण शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

म्हणून जेवणं आटोपली की उरलेल्या मिरच्या मधोमध कापून पसरट ताटात ठेवा, म्हणजे लवकर गार होतील. एका तासाच्या आत त्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. चोवीस तासांत संपवा, खाताना आतून वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवू नका. फ्रिज नसेल किंवा लाइट सारखी जात असेल तर खाणारी माणसं मोजून तेवढ्याच मिरच्या भरा. शेजारी पाठवायच्या असतील तर गरम असतानाच पाठवा, आणि आजच खा असा निरोप द्या.