वेग, उष्णता आणि पाणी

वैशाखांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां दारांना वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची इकडील जुनी रीत आहे. अशा ठिकाणीं आपल्या हातानें संगणक जोडून, त्यास पाण्यानें गार राखून, त्याचा वेग वाढविण्याची हौस एखाद्या तरुणास झाली, तर वडील मंडळींस तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या खेळामागें मोठा इतिहास आहे.

संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, तो आंतील घड्याळाच्या ठोक्याबरहुकूम काम करतो. कारखान्यानें नेमून दिलेल्या ठोक्यांहून अधिक ठोके त्याजकडून घेणें ह्यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पण ठोके वाढविले कीं बहुधा विजेचा दाबहि वाढवावा लागतो. आणि उष्णता ठोक्यांच्या प्रमाणांत, तशीच दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनीं वाढविल्यास उष्णता सुमारें ३३ टक्क्यांनीं वाढते. वेगाची मिळकत दहा, उष्णतेचें कर्ज तेहतीस! समान आकारमानाचें पाणी हवेच्या सुमारें ३,५०० पट उष्णता सामावून घेतें, म्हणून प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवून त्यांतून पंपानें पाणी खेळवितात. तापलेलें पाणी पंख्यापुढील रेडिएटरांत निवतें व परत येतें.

मात्र येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. माठांतील पाणी झिरपून त्याची वाफ होते, म्हणून तें भोवतालच्या हवेहून गार होतें. रेडिएटरांतील पाणी बंदिस्त असतें. खोलींतील हवा ४० अंशांवर असेल, तर तें त्याहून उष्णच राहणार.

मोठ्या संगणकांनाहि ह्याच संकटानें गांठलें होतें. अमेरिकेंत १९८५ सालीं निघालेल्या क्रे-२ ह्या संगणकाचे भाग वीज न वाहूं देणाऱ्या द्रवांत बुडवूनच ठेवावे लागत. असलीं अतिशक्तिमान यंत्रें भारतास देण्यास अमेरिका कांकूं करूं लागली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे धुरीण डॉ. विजय भटकर हे वऱ्हाडांतील, अकोला जिल्ह्यांतल्या मुरंबा गांवचे. अभियांत्रिकीचें शिक्षण नागपुरास झालेलें. त्यांच्या सहकारी मंडळींनीं एकाच मेंदूस अतोनात पळविण्याचा मार्ग सोडला, आणि ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. एका पैलवानाचें काम गांवकऱ्यांनीं मिळून उरकावें, तसाच हा प्रकार! पुढें २००४-०५ च्या सुमारास घरगुती प्रोसेसर करणाऱ्यांनींहि उष्णतेपायीं ठोक्यांची शर्यत आवरती घेतली व एकाच चकतींत अनेक मेंदू बसविण्याकडे मोर्चा वळविला.

तथापि पाण्यावांचून सुटका झाली असें मात्र नाहीं. गर्दी झाली कीं तीहि तापते. २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविलेल्या 'परम ब्रह्म' ह्या महासंगणकाच्या प्रोसेसरांना पाण्यानेंच गार राखण्याची योजना झाली. पडद्यावर पाणी शिंपडणाऱ्या वऱ्हाडी माणसास ह्यांत नवल वाटूं नये.

तेव्हां वर्ध्याच्या तरुणानें नळ्या अवश्य जोडाव्या. हातानें यंत्र जोडल्यावांचून त्याचें मर्म उमगत नाहीं. पण वेग मागण्यापूर्वीं उष्णतेस वाट करून द्यावी. आणि ती वाट निघत नसेल, तर एकासच पिटाळण्यापेक्षां काम चौघांत वांटून द्यावें. तीस वर्षांहून अधिक काळापूर्वीं पुण्यास हाच धडा गिरविला गेला होता.